दुधाच्या दाढेत काय भरावं: सिमेंट, पांढरं फिलिंग की स्टीलची कॅप?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी सहा वर्षांची. खाली उजवीकडच्या दोन्ही दुधाच्या दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथे कीड, आणि वरच्या एका दाढेच्या चावायच्या भागावर लहानसा खड्डा. रात्री दुखत नाही, सूज नाही, फक्त अन्न अडकतं. एका डॉक्टरांनी तिन्ही दाढांत दाताच्या रंगाचं फिलिंग सुचवलं, दुसऱ्यांनी खालच्या दोन्हींवर स्टीलच्या कॅप. घरातली मोठी माणसं म्हणतात, पडणारेच दात, कशाला खटाटोप. आणि तुम्ही विचारताय, सगळ्यात चांगलं मटेरियल कोणतं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. वरच्या दाढेत ग्लास आयोनोमर सिमेंट किंवा कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग), दोन्ही चालेल; मूल किती स्वस्थ बसतं त्यावर ठरवा. खालच्या दोघींसाठी माझा कौल कॅपकडे आहे, विशेषतः एक्स-रेमध्ये कीड डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या कडक आवरणाखालच्या थरात, गेलेली दिसत असेल तर. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं चुकलं असं नाही. कीड अगदी लहान असेल आणि मुलगी शांत बसत असेल, तर तिथेही फिलिंग टिकू शकतं. पण "सगळ्यात चांगलं मटेरियल" हे दात, त्याची बाजू आणि मूल बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

पहिला हिशेब वर्षांचा. दुधाची पहिली दाढ साधारण ९ ते ११ व्या वर्षी पडते, दुसरी १० ते १२ व्या वर्षी. म्हणजे तुमच्या मुलीच्या खालच्या दाढांना अजून तीन ते सहा वर्षं काम करायचं आहे. दहा वर्षांच्या मुलाची हलणारी दाढ असती तर "पडणारच आहे" हे म्हणणं मी लगेच मान्य केलं असतं. सहाव्या वर्षी नाही. त्यातून दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या मागे याच वयात कायमची पहिली दाढ येत असते. पुढची दुधाची दाढ लवकर काढावी लागली, तर ही नवी दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा खाते. मग जागा राखणारं साधन बसवा, पुढे तारा लावा, असं सुरू होतं.

दुसरी गोष्ट दुधाच्या दाताच्या घडणीची, आणि मटेरियलचा निम्मा वाद इथेच मिटतो. दुधाच्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साधारण एक मिलिमीटर जाड, म्हणजे कायमच्या दाताच्या जेमतेम निम्मं. आतली नस मात्र दाताच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ. शिवाय दुधाच्या दाढा एकमेकींना एका बिंदूत टेकत नाहीत, चांगल्या रुंद पट्ट्यात चिकटलेल्या असतात. तिथे ब्रश पोचत नाही, आणि तिथे सुरू झालेली कीड वरून दिसतही नाही. बाहेरून बारीक काळसर रेष दिसते तेव्हा आत बरंच पोखरलेलं असू शकतं. म्हणून बाइटविंग एक्स-रे, म्हणजे दाढांमधल्या फटी दाखवणारा एक्स-रे, न काढता या दोन दाढांबद्दल कोणी ठामपणे काही सांगत असेल, तर आधी एक्स-रे काढायला सांगा.

अशी कीड काढून फिलिंग करायचं, तर दाढेची एक पूर्ण बाजू कापून तिथे पेटीसारखी जागा करावी लागते. दाढ लहान, उरलेल्या भिंती पातळ, आणि चावण्याचा सगळा दाब नेमका त्या कडेवर. मोठ्या माणसाच्या दाढेत हेच फिलिंग बरीच वर्षं सुखात राहतं. दुधाच्या दाढेत त्याची कड तुटते, ते सैल होतं, किंवा त्याच्या खालून पुन्हा कीड लागते.

आता एकेक मटेरियल.

ग्लास आयोनोमर, म्हणजे ज्याला सगळे नुसतं "सिमेंट" म्हणतात, ते विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणलं. विशिष्ट काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल एकत्र केलं की ते काही मिनिटांत घट्ट होतं. लहान मुलांच्या बाबतीत त्याचा मोठा गुण असा, की ते दाताच्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक बंध धरतं. वेगळा चिकटद्रव लागत नाही. थोडासा ओलावाही ते सहन करतं. वर त्यातून फ्लोराइड हळूहळू झिरपतं, आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड ते पुन्हा शोषून घेतं. या फ्लोराइडचं कौतुक जरा जास्तच होतं असं मला वाटतं. पहिल्या काही दिवसांत ते भरपूर सुटतं, नंतर बरंच कमी होतं. सिमेंट भरलं म्हणून शेजारचा दात सुरक्षित झाला, असं धरून चालू नका.

दोष सरळ आहे: ते ठिसूळ आहे आणि झिजतं. चावायच्या भागावरच्या एका लहान खड्ड्यात हे खपून जातं, कारण चारही बाजूंनी दाताच्या भिंती त्याला धरून असतात. म्हणून वरच्या दाढेसाठी ते चालेल, आणि तिथे हाय-व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्ट प्रकारचं वापरतात का, हे विचारा. दोन दाढांच्या मधल्या फटीत मात्र साधं सिमेंट मी तात्पुरती सोय म्हणूनच भरतो. तिथे ते तुटतं, आणि पालकांना वाटतं डॉक्टरांनी नीट भरलं नाही. बऱ्याचदा हात चांगला असतो, जागाच त्या मटेरियलची नसते.

याच सिमेंटमध्ये रेझिन (प्लॅस्टिकसारखा राळेचा पदार्थ) मिसळलेला प्रकार १९९० च्या आसपास आला. तो निळ्या प्रकाशाने लगेच घट्ट होतो आणि जास्त मजबूत असतो. फटीतली कीड लहान असेल, मूल फार वेळ बसणारं नसेल आणि कॅप नको असेल, तर माझी पसंती याला. एरवी फारशी चर्चेत नसलेली ही चीज दुधाच्या दातांत शांतपणे चांगलं काम करते.

कंपोझिट म्हणजे तुम्हाला सुचवलेलं "पांढरं फिलिंग". दिसायला सगळ्यात सुंदर, झिजायला सगळ्यात चिवट, आणि करायला सगळ्यात नखरेल. आधी कीड काढायची, मग आम्लाच्या जेलने दात थोडा खरबरीत करायचा, धुवायचा, वाळवायचा, बाँडिंगचा द्रव लावून प्रकाश द्यायचा, आणि मग साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरत प्रत्येक थर पुन्हा प्रकाशाने घट्ट करायचा. यात कुठेही लाळ किंवा हिरडीचं रक्त लागलं, तर ओल्या काचेवर चिकटपट्टी लावावी तसं होतं: त्या दिवशी चिकटल्यासारखं दिसतं, आणि काही महिन्यांनी कडेने सुटतं. म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती लावायचा रबरी पडदा, हवाच. पडदा लावायचा आणि कीड पूर्ण काढायची तर बहुतेक वेळा बधिर करायचं इंजेक्शनही आलं. पुढे दोन दाढांसाठी अर्धा तास तोंड उघडून बसणं.

तुमची मुलगी हे सगळं करू देत असेल तर कंपोझिट उत्तम. पण खुर्चीत रडणाऱ्या, जीभ मध्ये आणणाऱ्या मुलाच्या तोंडात रबर डॅमऐवजी कापसाच्या बोळ्यांवर भागवून घाईघाईने भरलेलं कंपोझिट हे मला दिसणाऱ्या वाईट फिलिंगांपैकी एक आहे, साध्या सिमेंटपेक्षाही वाईट. डॉक्टरांना "कंपोझिट करता का" असं विचारण्याऐवजी "रबर डॅम लावून करता का" असं विचारा. उत्तरावरून तुम्हाला बरंच कळेल.

कंपोझिटमधल्या बीपीएची (प्लॅस्टिकमध्ये आढळणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनाची) भीती अनेक पालक बोलून दाखवतात. काही रेझिनमधून भरल्यानंतर लगेचच्या काळात त्याचा अत्यंत अल्प अंश लाळेत येऊ शकतो, नंतर तो कमी होतो. फिलिंग पॉलिश करून पृष्ठभाग पुसला आणि चूळ भरायला लावली की तोही बराचसा निघून जातो. एवढ्यासाठी कीड तशीच ठेवणं मला पटत नाही.

कॉम्पोमर हा सिमेंट आणि कंपोझिट यांच्या मधला, कंपोझिटकडे जास्त झुकणारा प्रकार. दुधाच्या दाढांत तो बरा चालतो. तो निळ्या, गुलाबी, चमचमत्या रंगांतही मिळतो, आणि "कोणता रंग हवा" असं विचारल्यावर तोंड न उघडणारं मूल तोंड उघडतं. हा फायदा कुठल्या अभ्यासात मोजत नाहीत, पण आहे.

चांदी, म्हणजे अमाल्गम. घरातल्या मोठ्यांच्या तोंडात ती वर्षानुवर्षं टिकलेली असते, म्हणून त्यांचा तिच्यावर विश्वास. वजनाने जवळजवळ निम्मा पारा, बाकी चांदी, कथील, तांबं. ओलाव्यातही भरता येते आणि टिकते, हे खरंच आहे. मुलांवर झालेले दोन मोठे अभ्यास, एक अमेरिकेतला आणि एक पोर्तुगालमधला, २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. चांदी भरलेल्या मुलांच्या बुद्धीवर किंवा मज्जासंस्थेवर वाईट परिणाम झाल्याचं त्यांत आढळलं नाही. तरीही मुलांसाठी तिचे दिवस संपलेत, मुख्यतः पाऱ्याने पर्यावरणाचं नुकसान होतं म्हणून. युरोपीय संघाने २०१८ पासून दुधाच्या दातांत आणि १५ वर्षांखालच्या मुलांत तिचा वापर थांबवला. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनीही २०२२ मध्ये याच गटांसाठी तसाच निर्णय घेतला. मला स्वतःला ती नको वाटते ती आणखी एका कारणाने: चांदी दाताला चिकटत नाही, तिला अडकवायला खाच करावी लागते, आणि त्यासाठी दाताचा चांगला भागही कापावा लागतो. इवल्याशा दाढेत तेवढं कापायला जागा नसते. मात्र कुणाच्या तोंडातली जुनी, धड असलेली चांदी उगाच उकरून काढू नका. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

आता कॅप. स्टीलची तयार कॅप लहान मुलांच्या दाढांसाठी १९५० पासून वापरात आहे. पालकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: एवढ्याशा खड्ड्याला एवढी मोठी टोपी? पण वर सांगितलेली अडचण आठवा. फिलिंगची कड तुटते कारण पातळ भिंती उघड्या राहतात. कॅप दाढेला सगळीकडून झाकते, त्यामुळे तुटायला कड उरत नाही आणि नव्या किडीला त्या दाढेवर फारशी जागाच मिळत नाही.

आधीच्या पद्धतीत इंजेक्शन देऊन, दाढ सगळीकडून ड्रिलने घासून मग कॅप बसवत. ती पद्धत अजूनही आहे, आणि नसेवर उपचार केलेल्या दाढेला तीच वापरतात. पण दुखत नसलेल्या दाढेसाठी आता हॉल पद्धत आहे. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य कीड न काढता, इंजेक्शन न देता, दात न घासता थेट सिमेंट भरलेली कॅप दाढेवर दाबून बसवत. त्यांच्या नोंदींवरचा पहिला लेख २००६ मध्ये आला, तेव्हा आमच्या क्षेत्रात अनेकांच्या भुवया उंचावल्या. कीड आत तशीच ठेवायची? पण त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. किडीचे जंतू तोंडातल्या साखरेवर जगतात. दाढ पक्की बंद झाली की त्यांची रसद तुटते, कीड थांबते, आणि नसेला आतून संरक्षक डेंटिनचा थर तयार करायला सवड मिळते.

मग स्कॉटलंडमध्येच १३२ मुलांवर रीतसर चाचणी झाली. प्रत्येक मुलाच्या एका बाजूच्या दाढेला हॉल पद्धतीची कॅप आणि दुसऱ्या बाजूला त्या डॉक्टरांचं नेहमीचं फिलिंग. पाच वर्षांनी, ज्या मुलांची पुरेशी नोंद मिळाली त्यांच्यात, नस दुखणं किंवा गळू यांसारखं मोठं अपयश कॅपच्या बाजूला ३ टक्के होतं आणि फिलिंगच्या बाजूला १६.५ टक्के. एक गोष्ट लक्षात ठेवून हे आकडे वाचा: ती फिलिंग सामान्य दवाखान्यांत केलेली होती आणि बरीचशी सिमेंटची होती. रबर डॅम लावून नीट केलेलं कंपोझिट याहून चांगलं टिकेल. तरीही एवढी तफावत मी बाजूला ठेवू शकत नाही. तुमच्या मुलीच्या खालच्या दाढांसाठी कॅपकडे झुकतो ते यामुळे.

प्रत्यक्षात काय होतं? दाढा एकमेकींना फार चिकटलेल्या असतील, तर काही दिवस आधी त्यांच्यामध्ये छोट्या रबरी रिंगा घालतात, म्हणजे फट थोडी मोकळी होते. कॅप बसवताना दाब जाणवतो आणि हिरडी थोडा वेळ पांढरी पडते. मूल तक्रार करतं, पण बहुतेक वेळा काही मिनिटांत काम होतं. त्यानंतर दात थोडे वर टेकल्यासारखे वाटतात, समोरचे दात पूर्ण मिटत नाहीत. हे पाहून पालक घाबरून फोन करतात. काही आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. पहिल्या दिवशी हिरडी ठणकली तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. मुलीला निकेलची अ‍ॅलर्जी असेल, उदाहरणार्थ नकली दागिन्यांनी पुरळ येत असेल, तर हे आधीच सांगा. स्टीलमध्ये निकेल असतं. दाढ पडते तेव्हा कॅप तिच्याबरोबरच पडते, वेगळी काढावी लागत नाही.

राहिलं दिसणं. हसताना खालची कॅप थोडी चमकते, हे खरंय. सहा वर्षांच्या मुलांना बहुधा ती आवडते, संकोच मोठ्यांना वाटतो. झिरकोनियाच्या पांढऱ्या कॅप मिळतात, दिसतात सुरेख. पण त्या वाकवून घट्ट बसवता येत नाहीत, त्यांच्यासाठी दाढ बरीच घासावी लागते, आणि बसवताना हिरडीतून रक्त आलं तर सिमेंटची पकड बिघडते. म्हणजे इंजेक्शन आलं, वेळ आला, आणि हॉल पद्धतीचा सगळा साधेपणा गेला. मागच्या दाढेसाठी मी हा व्यवहार करणार नाही. पुढच्या दातांचा प्रश्न असता तर उत्तर वेगळं असतं. तिथे पारदर्शक साच्यात कंपोझिट भरून केलेले क्राउन किंवा झिरकोनिया विचारात घेतो.

एक पर्याय तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही: सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ३८ टक्क्यांचा हा द्रव छोट्या ब्रशने किडीवर लावला की बऱ्याच वेळा कीड थांबते आणि किडलेला भाग टणक होतो. ड्रिल नाही, सुई नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत याचा आणि ग्लास आयोनोमरचाही समावेश केला. किंमत म्हणून किडलेला भाग कायमचा काळा पडतो. धड इनॅमल रंगत नाही. खड्डा मात्र भरत नाही, त्यामुळे अन्न अडकणं चालूच राहतं. आणि एकदा लावून विसरता येत नाही, साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. फार लहान, फार घाबरणाऱ्या किंवा एकाच वेळी अनेक दात किडलेल्या मुलांत मी हे आनंदाने वापरतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत, कॅप ठरेपर्यंत कीड रोखून धरायला हे चांगलं.

वरचं सगळं लागू होतं ते नस धड असेल तरच. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गार-गरम लागल्यावर बराच वेळ राहणारी कळ, हिरडीवर पुटकुळी, किंवा एक्स-रेमध्ये मुळांच्या मध्ये काळपट सावली, यातलं काही असेल तर मटेरियलची तुलना बाजूला ठेवा. तिथे आधी नसेचा उपचार करून वर कॅप बसवायची, किंवा दाढ काढायची. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

अजून एक अभ्यास सांगतो, जो कॅप बसवणाऱ्या आणि फिलिंग करणाऱ्या दोघांनाही थोडा अडचणीचा आहे. ब्रिटनमध्ये ३ ते ७ वर्षांच्या, किडलेले दात असलेल्या ११०० हून अधिक मुलांचे तीन गट केले. एका गटात नेहमीची फिलिंग आणि प्रतिबंध (म्हणजे नवी कीड टाळायचे उपाय), दुसऱ्यात हॉल पद्धतीसारखे कीड बंद करायचे उपाय आणि प्रतिबंध, तिसऱ्यात फक्त प्रतिबंध. २०२० मध्ये निकाल आला: सुमारे तीन वर्षांत दुखणं किंवा जंतुसंसर्ग झालेल्या मुलांचं प्रमाण तिन्ही गटांत साधारण ४० ते ४५ टक्के. यावरून काही लोक म्हणतात की काहीच भरू नका. मला तसं वाटत नाही. एका दाढेचं भवितव्य आणि एका मुलाच्या सगळ्या तोंडाचं भवितव्य हे वेगळे प्रश्न आहेत. पण एका दाढेवर उत्तम कॅप बसवून बाकीच्या दाढा तशाच किडत राहिल्या, तर मुलाचं दुखणं टळत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. झोपण्यापूर्वी तुम्ही स्वतः तिचे दात घासा. १००० पीपीएम किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण नंतर पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. दोन जेवणांच्या मधलं गोड कमी करा, आणि रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नको. चिकटलेल्या दाढांमध्ये रोज एकदा फ्लॉस फिरवा. मुलांसाठी हँडलवाले फ्लॉस मिळतात, ते सोपे पडतात.

डॉक्टरांकडे जाताना एक्स-रे बघून या गोष्टी विचारा: कीड इनॅमलमध्येच आहे की डेंटिनमध्ये, नसेपासून किती दूर, आणि दाढेची कड तुटली आहे का. कीड इनॅमलपुरतीच असेल तर भरायचीच गरज नाही, फ्लोराइड व्हार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) आणि फ्लॉस वापरून नुसतं लक्ष ठेवता येतं. डेंटिनच्या बाहेरच्या भागात थोडीच असेल आणि कड शाबूत असेल, तर रेझिन मिसळलेलं सिमेंट किंवा रबर डॅम लावून कंपोझिट. कड तुटली असेल, किंवा दोन्ही दाढांत कीड खोल असेल, तर कॅप. आणि त्याच भेटीत, दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ हिरडीतून वर येतेय का ते बघायला सांगा. ही दाढ कुठलाही दुधाचा दात न पडता येते, म्हणून पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. ती पुरेशी वर आली की तिच्या खाचांत सीलंट (कीड लागू नये म्हणून खाचा बंद करणारा पातळ थर) भरून घ्या.